भांगेचे दुकान परवान्याचे, म्हणून परसातले झाड कायदेशीर नव्हे

इंदुरातल्या आपल्या मराठी घरांत महाशिवरात्रीची थंडाई घोटताना एक समज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो: भांग परवानाधारक दुकानात मिळते, तेव्हा परसात किंवा शेताच्या आडोशाला बी टाकून दोन झाडे वाढवली तर गुन्हा होत नाही. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी कोणाचे तरुण मूल तुरुंगात जाऊ नये, म्हणून हा खुलासा.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा, म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, येतात. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, आणि भांगेच्या विक्रीला राज्याच्या अबकारी परवान्यातून वाट मिळते ती एवढ्याचमुळे. लागवडीची गोष्ट निराळी आहे. कलम ८ कोणत्याही भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड मना करते, मग हेतू पानांचा असो वा फुलांचा. कलम २० प्रमाणे शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. ‘दोन झाडांची सूट’ कायद्यात कोठेही नाही.

शेतमालकांनी कलम ४६ अवश्य लक्षात घ्यावे: आपल्या जमिनीत दुसऱ्या कोणी चोरून केलेली लागवड ठाऊक असूनही जो पोलिसांना कळवत नाही, तोही शिक्षेस पात्र ठरतो.