बारा मुलाखती पुरे, हे ठरवलं कुणी? (संशोधन पद्धत निवडण्यामागची पार्श्वभूमी)

हेल्थ अँड सोशल केअरच्या (आरोग्य आणि गरजूंची देखभाल या विषयाच्या) प्रोजेक्टचा मेथडॉलॉजी चॅप्टर, म्हणजे अभ्यास कसा केला ते सांगणारं प्रकरण, लिहायला बसलं की किती जणांशी बोलायचं याला ‘बारा मुलाखती पुरे’ असं उत्तर मिळतं. त्यामागच्या गोंधळाचं मूळ विषयाच्या नावातच आहे, दोन शब्द दोन वेगळ्या घरांतून आलेत. हेल्थवाल्यांकडे प्रयोगाची परंपरा, पार 1747 पासूनची, जेव्हा जहाजावर स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या जोड्या लावून एका जोडीला संत्री-लिंबू, एकीला व्हिनेगर, एकीला चक्क समुद्राचं पाणी असं देऊन पाहिलं होतं. सोशल केअरवाल्यांकडे दारोदार जाऊन लोकांची परिस्थिती नोंदवायची परंपरा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या गल्ल्या गरिबीप्रमाणे रंगवून नकाशे काढले गेले ती. फार जुनं एवढंच पुरे.

प्रयोग मोठा की मुलाखत, या आजच्या भांडणाची सुरुवात 1948 ची. ब्रिटनमध्ये टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल झाली, युद्धानंतर औषध इतकं थोडं होतं की सगळ्यांना मिळणं शक्यच नव्हतं, मग कुणाला द्यायचं ते बंद पाकिटातून ठरवलं. 107 पेशंट, 55 जणांना औषध आणि बेड रेस्ट, 52 जणांना नुसती बेड रेस्ट. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 दगावले, दुसऱ्यात 14. एवढा स्वच्छ निकाल दिसल्यावर रँडमाइज्ड ट्रायलला (कुणाला काय द्यायचं ते असं चिठ्ठीवर सोडणाऱ्या प्रयोगाला) मान मिळणारच, त्यात चूक काही नाही. चूक पुढे झाली असं मला वाटतं. 1979 मध्ये कॅनडात एका समितीने पुराव्याच्या पायऱ्या लावल्या, वर ट्रायल, सगळ्यात खाली तज्ज्ञांचं मत, आणि पेशंटशी बसून बोलण्याला पायरीच नाही. ती उतरंड एका ठरावीक कामासाठी होती, म्हणजे अमुक तपासणी किंवा उपाय करावा का हे ठरवायला. पण नव्वदच्या दशकात पुराव्यावर आधारित वैद्यकाचा बोलबाला झाला आणि ती कुठल्याही प्रश्नाला लावायची सवय लागली. घरी एकटी राहणारी म्हातारी माणसं मदतनीसाला दार का उघडत नाहीत, हा प्रश्न ट्रायलने कसा सुटणार?

दुसऱ्या बाजूला अमेरिकेत दोन समाजशास्त्रज्ञ हॉस्पिटलात मरणाला टेकलेल्या पेशंटभोवती कोण काय बोलतं, कोण काय लपवतं ते पाहत होते. त्या कामातून 1967 मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली, आणि तिच्यातला एक शब्द आज प्रत्येक डिसर्टेशनमध्ये बसलाय: सॅच्युरेशन.

या शब्दाचे जेवढे हाल झालेत तेवढे क्वचितच कुठल्या शब्दाचे झाले असतील. मूळ कल्पना अशी की डेटा गोळा करणं आणि त्याचा अर्थ लावणं बरोबरीने चालतं, आज जे हाती लागलं त्यावरून उद्या कुणाला भेटायचं ते ठरतं, आणि एखाद्या कल्पनेचे नवे पैलू सापडायचे थांबले की त्या कल्पनेपुरतं थांबायचं. म्हणजे भरायची असते ती कल्पना, माणसांची यादी नाही. हळूहळू हे सगळं गळून गेलं आणि ‘नवीन काही कळेना’ एवढाच अर्थ उरला. मग 2006 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या बायकांच्या 60 मुलाखती परत तपासून काही संशोधकांनी सांगितलं की बहुतेक गोष्टी पहिल्या 12 मुलाखतींतच आल्या होत्या. झालं! 12 हा आकडा लोकांनी असा उचलला की जणू औषधाचा डोसच. त्याच संशोधकांनी सांगून ठेवलं होतं की त्यांच्याकडच्या बायका बऱ्यापैकी एकसारख्या होत्या आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते, पण ते वाचतो कोण. पुढच्याच वर्षी मुलाखतींच्या रिपोर्टिंगसाठी 32 मुद्द्यांची चेकलिस्ट आली, त्यात सॅच्युरेशनची चर्चा केली का असा मुद्दा होता, त्यामुळे ज्यांचा त्या 1967 च्या पद्धतीशी काडीचा संबंध नव्हता तेही ‘सॅच्युरेशन झालं’ असं एक वाक्य टाकायला लागले.

2017 मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात मुद्दे कोणते ते 9 मुलाखतींत कळले, पण त्यांचा अर्थ नीट लागायला 16 ते 24 लागल्या. गंमत म्हणजे 2006 चीच थीमॅटिक ॲनॅलिसिसची (मुलाखतींतून समान विषय शोधण्याची) ती सहा टप्प्यांची पद्धत, जी निम्मे विद्यार्थी डोळे मिटून वापरतात, ती मांडणाऱ्यांनीच पुढे लिहिलं की सॅच्युरेशन आमच्या पद्धतीत नीट बसत नाही. तरी ही पद्धत आणि सॅच्युरेशन, दोन्हींचे संदर्भ एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात.

दरम्यान वरची उतरंड थोडी हलली. सोशल केअरचे उपाय गोळीसारखे नसतात, माणसं बदलली की परिणाम बदलतो, म्हणून ब्रिटनमध्ये 2000 साली अशा गुंतागुंतीच्या उपायांच्या अभ्यासासाठी मार्गदर्शक चौकट आली. ती पहिली आवृत्ती औषधांच्या ट्रायलच्या टप्प्यांवरच बेतलेली, 2008 मध्ये ती जरा सैल केली, आणि 2021 मध्ये स्पष्ट म्हटलं की उपाय चालतो का एवढंच विचारून भागत नाही, कुठे, कसा, कोणासाठी हेही बघा. तोवर 2016 मध्ये 76 संशोधकांना एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाला उघड पत्र लिहावं लागलं होतं, की क्वालिटेटिव्ह (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर आधारलेले) पेपर असे सरसकट नाकारू नका.

आकड्याचा तिढा मात्र तसाच आहे. एथिक्स कमिटीला (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला) किती जणांशी बोलणार ते आधी लिहून हवं असतं, आणि मूळ कल्पना म्हणते ते काम करतानाच कळतं. मग फॉर्मवर ‘12 ते 15’ लिहिलं जातं आणि कोणी काही विचारत नाही. प्रोजेक्ट केअर होमवर असेल तर तिथे राहणारे, तिथला स्टाफ आणि नातेवाईक असे तीन गट होतात, म्हणजे त्या बारातले प्रत्येकाच्या वाट्याला चार.