तीन खिडक्यांच्या गल्लीतलं संग्रहालय

लिथुआनियातल्या त्राकाई गावात कराईम लोकांच्या नावाचा एक रस्ता आहे. त्यावरची जुनी लाकडी घरं आपली अरुंद बाजू रस्त्याकडे करून उभी आहेत आणि त्या बाजूला बहुतेक घरांना तीन खिडक्या आहेत. एक देवासाठी, एक घरच्यांसाठी आणि एक वितौतासासाठी, असं गावात सांगतात. वितौतास हा लिथुआनियाचा चौदाव्या-पंधराव्या शतकातला ग्रँड ड्यूक. या राजाच्या नावाने सहाशे वर्षांनंतरही खिडकी राखणारे लोक मूळचे लिथुआनियन नाहीत. ते तुर्की कुळातली भाषा बोलत आले आणि त्यांचा धर्मग्रंथ हिब्रू बायबल. या रस्त्यावर त्यांचं छोटंसं लोकजीवन संग्रहालय आहे. पर्यटकांची गर्दी गाल्वे तळ्यातल्या बेटावरच्या लाल विटांच्या किल्ल्याकडे जाते. मला मात्र हे संग्रहालय त्या किल्ल्याहून अधिक बोलकं वाटतं, कारण ते एका माणसाने आपल्या जमातीच्या वतीने मांडलेलं म्हणणं आहे, आणि त्या म्हणण्यावर पुढे माणसांचं जगणं-मरणं अवलंबून राहिलं.

वितौतासाने काळ्या समुद्राकडच्या स्वाऱ्यांनंतर, १३९७-९८ च्या सुमारास, क्रिमियातून कराईम कुटुंबं आणून त्राकाईत वसवली, असं परंपरा सांगते. परंपरेतला आकडा ३८३ कुटुंबांचा आहे. किल्ल्याची राखण हे त्यांचं काम मानलं जाई. शेती, भाजीचे मळे आणि व्यापार हेही होतंच. त्राकाईच्या काकड्यांचं नाव कराईम मळ्यांमुळेच झालं. कराईमांच्या तोंडी वितौतास 'वातात बी' झाला, म्हणजे शत्रूला मोडून काढणारा सरदार. १४४१ मध्ये ग्रँड ड्यूक काझिमिएर यागिएलोन याने या वस्तीला माग्देबुर्ग कायद्याचे, म्हणजे नगराचा कारभार स्वतः पाहण्याचे, हक्क दिले. त्यामुळे एकाच गावाचे दोन भाग झाले आणि कराईम भागाचा कारभार त्यांनी निवडलेला त्यांचाच मुखिया पाहू लागला. १६५५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात गाव आणि किल्ला बेचिराख झाला, १७१० च्या सुमाराला प्लेग आला आणि वस्ती मूठभर उरली. पण ती मोडली नाही.

कराईम धर्म हा आठव्या शतकात मेसोपोटेमियात ज्यू धर्मात उभ्या राहिलेल्या एका प्रवाहाशी जोडलेला आहे. हा प्रवाह हिब्रू बायबल मानतो, पण रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, तालमूद या ग्रंथातली परंपरा मानत नाही. त्यांचं प्रार्थनागृह म्हणजे केनेसा. त्राकाईची लाकडी केनेसा त्याच रस्त्यावर आजही उभी आहे. प्रार्थना शतकानुशतकं हिब्रूत चालत, आणि घरची भाषाही हिब्रू लिपीत लिहिली जाई. सोळाव्या शतकात याच गावातल्या इसाक नावाच्या विद्वानाने ख्रिस्ती टीकाकारांना उत्तर देणारा हिब्रू ग्रंथ लिहिला. १६८१ मध्ये तो लॅटिन भाषांतरासह छापला गेला आणि पुढे थेट फ्रेंच विचारवंत व्होल्तेअरपर्यंत पोहोचला. धर्माच्या वाटेने पाहिलं तर कराईमांचं नातं ज्यूंशी उघड दिसतं. भाषेच्या वाटेने पाहिलं तर ते क्रिमियाच्या तातारांचे आणि कॉकेशसातल्या कुमिकांचे भाऊबंद ठरतात, कारण त्यांची बोली किपचाक तुर्की गटातली आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या आणि फार काळ कुणाला त्यात अडचण वाटली नाही.

अडचण आली ती राज्यकर्त्यांच्या वर्गवारीमुळे. पोलंड-लिथुआनियाच्या राज्यातही ज्यू परिषदेमार्फत भरायच्या करावरून तंटे होत. रशियन साम्राज्यात ज्यूंवर दुप्पट कर आणि वास्तव्याची बंधनं होती. १७९५ मध्ये कॅथरिन दुसरीने कराईमांना त्या दुप्पट करातून सूट दिली आणि १८६३ मध्ये त्यांना पूर्ण नागरी हक्क मिळाले. म्हणजे 'आम्ही ज्यू नाही' हे सिद्ध करण्यात प्रत्यक्ष लाभ होता. त्यांचे विद्वान आपली मुळं शोधायला निघाले ते या दबावाखाली. त्यासाठी त्यांना दोष देणं मला योग्य वाटत नाही. ज्या राज्यात एका शब्दावर कर ठरतो, तिथे माणूस तो शब्द टाळणारच.

संग्रहालयाचा जनक सेराया शापशाल याच वातावरणात वाढला. त्याचा जन्म १८७३ चा, क्रिमियातला. सेंट पीटर्सबर्गला त्याने पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये तो इराणला गेला. तिथे तब्रीझमध्ये तो युवराज मोहम्मद अलीचा शिक्षक झाला. युवराज शहा झाल्यावर शापशाल त्याच्या जवळच्या वर्तुळात राहिला, राज्यघटना मागणाऱ्यांच्या रोषाचा धनी झाला आणि १९०८ मध्ये परतला. १९१५ मध्ये क्रिमियाच्या कराईमांनी त्याला आपला धर्मप्रमुख निवडलं. पुढच्याच वर्षी त्याने तिथल्या येव्पातोरियात जमातीचं ग्रंथालय उभारलं. मग रशियन क्रांती झाली आणि तो इस्तंबूलला पोहोचला. १९२७ मध्ये पोलंडमधल्या कराईमांनी त्याला प्रमुखपदासाठी निवडलं आणि पुढच्या वर्षी तो विल्नियसला, म्हणजे आजच्या लिथुआनियाच्या राजधानीत, आला. तेव्हा विल्नियस आणि त्राकाई पोलंडमध्ये होते. येताना त्याने आपला संग्रह आणला: पौर्वात्य शस्त्रं, पोशाख, भांडी, हस्तलिखितं.

त्याने काय केलं ते एका शब्दावरून कळतं. कराईम धर्मप्रमुखाला 'हाखाम' म्हणत, म्हणजे हिब्रूत शहाणा, ज्ञानी. शापशालने त्याऐवजी 'हाखान' रूढ केलं. तुर्कांच्या 'खाकान' या राजपदाशी तो शब्द जुळत होता. एका अक्षराच्या फरकाने ज्ञानी माणसाचा खान झाला. संग्रह मांडण्यामागेही हाच विचार होता. काचेआडच्या तलवारी आणि खंजीर सांगत होते की हे स्टेपीवरच्या, म्हणजे गवताळ मैदानांवरच्या, घोडेस्वारांचे वंशज आहेत. संशोधकांत याबद्दल आजही वाद आहे. अनेक इतिहासकार कराईमांकडे तुर्की भाषा स्वीकारलेल्या कराईट ज्यूंचे, म्हणजे तालमूद न मानणाऱ्या त्या प्रवाहातल्या ज्यूंचे, वंशज म्हणून पाहतात. जमातीतले बहुतेक जण स्वतःला तुर्की मुळाचे मानतात.

संग्रहासाठी त्राकाईत स्वतंत्र इमारतीचं बांधकाम १९३८ मध्ये सुरू झालं. वर्षभरात युद्ध आलं.

त्याआधीच, जानेवारी १९३९ मध्ये, जर्मनीच्या वंशसंशोधन कार्यालयाने कराईम धर्माच्या माणसाला केवळ त्या धर्मामुळे ज्यू धरता येणार नाही असा निर्णय दिला होता. जर्मन सैन्य आल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. अधिकारी उत्तर मागत होते, आणि त्यांनी ज्यू विद्वानांनाही विचारलं. वॉर्साच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, विद्वानांनी कराईम ज्यू वंशाचे नाहीत, असं उत्तर दिलं. ज्यांचं स्वतःचं मरण ठरलेलं होतं त्यांच्या त्या उत्तराचा दुसऱ्यांना वाचवण्यात हातभार लागला. विल्नियसच्या घेट्टोत झेलिग कालमानोविच या यिद्दिशच्या, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या, पंडिताला शापशालचं लिखाण जर्मनमध्ये भाषांतरित करायला बसवलं होतं. या लेखकाला धर्मापेक्षा घोडे आणि शस्त्रं जास्त कळतात, असं त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवलं. ते वाक्य वाचल्यापासून संग्रहालयातल्या तलवारींकडे मला पूर्वीच्या नजरेने बघता आलेलं नाही. कालमानोविच १९४४ मध्ये एस्टोनियातल्या छावणीत मरण पावला. त्राकाई आणि आसपासच्या गावांतले ज्यू गोळा करून ३० सप्टेंबर १९४१ रोजी मारले गेले. मारेकऱ्यांच्याच अहवालात आकडे आहेत: ३६६ पुरुष, ४८३ स्त्रिया, ५९७ मुलं. त्याच गावातले कराईम वाचले.

युद्धानंतर शापशालने धर्मप्रमुखपद सोडलं आणि लिथुआनियाच्या विज्ञान अकादमीत संशोधक म्हणून काम धरलं. त्याचा संग्रह तोवर विल्नियसमध्येच संग्रहालय म्हणून होता; ते १९५१ मध्ये बंद झालं. वस्तू विल्नियसच्या इतिहास संग्रहालयाकडे गेल्या आणि हस्तलिखितं अकादमीच्या ग्रंथालयात. तो १९६१ मध्ये वारला. त्राकाईच्या इमारतीत कराईम लोकजीवनाचं प्रदर्शन लागलं ते १९६७ मध्ये, त्याच्या पश्चात. आज ते त्राकाईच्या इतिहास संग्रहालयाचा भाग आहे आणि शापशालच्या नावाने ओळखलं जातं.

आता रस्त्यावर खाणावळी आहेत आणि प्रत्येकीत किबिन मिळतं. हे करंजीच्या आकाराचं, मुरड घातलेलं, पण तळलेलं नव्हे तर भट्टीत भाजलेलं असतं आणि आत बारीक चिरलेलं मटण. किबिन देशभर पसरलं, पण त्यासोबतची भाषा पसरली नाही. त्राकाईची बोली भाषाशास्त्रज्ञांना मोलाची वाटते. तुर्की भाषांत शब्दातले स्वर एकमेकांशी जुळवून घेतात, इथे ते जुळवून घेण्याचं काम बरंचसं व्यंजनं करतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची तुर्की सवयही स्लाव शेजारात राहून सैल झाली. ही बोली अस्खलित बोलणारे आता थोडे वृद्ध उरले आहेत. २००१ च्या जनगणनेत लिथुआनियात २७३ कराईम होते, २०११ मध्ये २४१, २०२१ मध्ये १९२. धर्माला मात्र कायद्याचं संरक्षण आहे: १९९५ च्या कायद्याने लिथुआनियाच्या नऊ पारंपरिक धर्मसमूहांत कराईमांची नोंद केली. केनेसेचे धर्मगुरू मिकोलास फिरकोविचुस यांनी १९९६ मध्ये बोलीचं पाठ्यपुस्तक काढलं, आणि २००३ पासून त्राकाईत भाषेचे उन्हाळी वर्ग भरू लागले. त्यांना पोलंडमधूनही कराईम येतात.

शापशालच्या संग्रहातल्या तलवारी त्राकाईत बघायला मिळतात. हिब्रू लिपीत लिहिलेली कराईम प्रार्थनांची हस्तलिखितं बघायची, तर २८ किलोमीटरवर विल्नियसच्या अकादमी ग्रंथालयात जावं लागतं.