इंटरनेट टेलिफोन सेवा (संस्थांमधली, बेळगाव सीमाभाग)

संस्थेतले फोन तांब्याच्या लाइनवरून काढून कॉम्प्युटरच्याच नेटवर्कवर आणायचे, याला इंटरनेट टेलिफोन किंवा व्हीओआयपी म्हणतात. आवाजाची छोटी छोटी पॅकेट होऊन जातात आणि पलीकडे परत जोडली जातात. कॉल लावणं-तोडणं एसआयपी प्रोटोकॉल (म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) बघतो, आवाज नेतो तो आरटीपी. जुन्या ईपीएबीएक्सच्या (संस्थेतले फोन आपापसात जोडणाऱ्या) डब्याच्या जागी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर येतं, त्यातलं फुकट मिळणारं आणि जास्त ओळखीचं म्हणजे १९९९ पासून असलेलं अ‍ॅस्टरिस्क.

सीमाभागात याची गरज शाखांमुळे. हेड ऑफिस बेळगावात, एक शाखा खानापूरला, एक निपाणीला आणि एखादी पलीकडे चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, असा कारभार इथं नवा नाही. आता चंदगड किती जवळ, पण टेलिकॉमच्या हिशोबात बेळगाव कर्नाटक सर्कल (म्हणजे टेलिकॉमचा विभाग) आणि चंदगड महाराष्ट्र सर्कल, राज्याची हद्द ओलांडली की मोबाइलला रोमिंग लागायचं ते दिवस लोक विसरलेले नाहीत. इंटरनेट फोनला सर्कल कळतच नाही, हेड ऑफिसात २०१ दाबलं की गडहिंग्लजच्या कॅशियरच्या टेबलावर रिंग, कॉलचा वेगळा चार्ज नाही. खरं सांगायचं तर मोबाइलवर अनलिमिटेड आल्यापासून बचतीचा मुद्दा बारका झालाय. पण मोबाइल माणसाचा असतो, माणसाची बदली झाली की नंबरही त्याच्याबरोबर गेला, एक्स्टेन्शन मात्र टेबलाचं असतं.

नेट किती लागतं? आवाजाचं डेटात रूपांतर करायची जी पद्धत तिला कोडेक म्हणतात, त्यातल्या जी.७११ ला एका कॉलमागे जाता-येता प्रत्येकी साधारण ८७ केबीपीएस, म्हणजे एका वेळी दहा कॉल चालले तरी एक एमबीपीएसच्या आतच. जी.७२९ या दुसऱ्या कोडेकला याच्या निम्म्यापेक्षा कमी. त्यामुळे स्पीड कमी पडतो हे कारण बहुतेक वेळा खोटं असतं, त्रास असतो तो पॅकेट वेळेवर न येण्याचा. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या कधी एकदम दहा तर कधी तासभर एकही नाही, तसं झालं की आवाज तुटतो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू ही टेलिकॉमची जागतिक संस्था सांगते. कुणीतरी मोठी फाइल चढवायला लागलं की फोन खरखरतो, म्हणून राउटरवर आवाजाला पहिला नंबर द्यायचा.

लाइटचा विषय सगळ्यात मोठा, आणि कोटेशनमध्ये तोच सुटतो. जुन्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, तेही बॅटरीवर, त्यामुळे घरातली लाइट गेली तरी फोन चालू. आता ओएनटी (फायबरच्या टोकाचा डबा), राउटर, स्विच (फोन नेटवर्कला जोडणारा डबा) यातलं एक जरी बंद पडलं तरी बाहेरचे कॉल बंद. खानापूर भागातल्या पावसात हेस्कॉमची लाइट किती वेळा जाते ते तिथल्यांना विचारा. तेव्हा केबलमधूनच फोनला करंट देणारा पीओई स्विच घ्यायचा, तिन्ही वस्तू एकाच यूपीएसवर ठेवायच्या, आणि जमलं तर एक जुनी लाइन गेटवेला (जुनी लाइन नेटवर्कशी जोडणाऱ्या डब्याला) जोडून राखायची.

बाहेरच्या नंबरांसाठी परवाना असलेल्या कंपनीकडूनच एसआयपी ट्रंक (नेटवरून मिळणारी बाहेरची लाइन) घ्यावी लागते, भारतात नंबरसकट इंटरनेट टेलिफोनीला २०१८ मध्ये मोकळीक मिळाली. ०८३१ चा जुना नंबर कायम ठेवायचा असेल तर जुनी लाइन तोडायच्या आधीच दोन्ही कंपन्यांना विचारावं.

वायरिंगपेक्षा जास्त वाद होतो तो आयव्हीआरवर (फोन लागल्यावर 'अमुकसाठी एक दाबा' सांगणाऱ्या रेकॉर्डिंगवर), पहिलं कन्नड की पहिलं मराठी, आणि हिंदी ठेवायचं की नको. हे मिटिंगमध्ये आधीच मिटवून मग रेकॉर्डिंगला जावं. दोन्ही भाषा येणारा एकच आवाज घेतला तर मेनू कानाला बरा लागतो.

पासवर्डचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. एक्स्टेन्शन २०१ आणि पासवर्डही २०१, वर एसआयपीचं ५०६० पोर्ट (सर्व्हरचं नेटवरचं दार) बाहेरच्यांना उघडं, असं सापडलं की चोर रात्रीत परदेशी कॉल लावतात आणि बिल संस्थेच्या नावावर येतं. गरज नसेल तर आयएसडी ट्रंकवाल्याकडूनच बंद करून घ्यावं, आणि शाखा व्हीपीएनवरूनच (नेटमधल्या बंदिस्त खासगी वाटेनंच) जोडाव्यात.