तंबाखूजन्य पदार्थ विकणाऱ्या दुकानदारांसाठी: परवाने, नियम आणि दंड

आमच्या कार्यालयात परवाने, नोंदण्या आणि कराच्या कामासाठी येणारे बरेच ग्राहक पानपट्टी, किराणा किंवा जनरल स्टोअर्सचे मालक आहेत. ‘तंबाखू विकायचा परवाना काढून द्या’ ही त्यांची नेहमीची मागणी असते. मात्र महाराष्ट्रात या व्यवसायाला लागणारे कागद वेगवेगळ्या कायद्यांखालचे असून, एकच कागद काढल्याने सर्व जबाबदाऱ्या पार पडत नाहीत. शिवाय ज्या नियमांचा दंड अगदी किरकोळ दिसतो, त्यांच्याच मागे दुसऱ्या कायद्याची फार मोठी शिक्षा उभी असते, आणि या बाजूकडे दुकानदारांचे लक्ष सहसा जात नाही. या पत्रकात प्रामुख्याने तीच बाजू मांडली आहे.

कागदपत्रे

दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली नोंदणी करावी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना देऊन पोच घ्यावी लागते. जुन्या सवयीने आपण तिला ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ म्हणतो. पण ती फक्त दुकान सुरू असल्याची सूचना आहे, तंबाखू विकण्याची परवानगी नव्हे. दुकानात बिस्किटे, थंड पेये, साधे पान असे खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वेगळी लागते. पदपथावरील टपरीला 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालील विक्री प्रमाणपत्र लागते, तर महापालिका किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना त्या त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे घ्यावा लागतो.

2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात, म्हणजे ज्याला सर्व जण ‘कोटपा’ म्हणतात त्यात, किरकोळ विक्रेत्याच्या परवान्याची तरतूद नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे सुचवले की, स्थानिक स्वराज्य संस्थांनी तंबाखू विक्रेत्यांना स्वतंत्र परवानगी द्यावी आणि अशा दुकानात चॉकलेट, वेफर्स, बिस्किटे, थंड पेये यांसारखा मुलांना ओढणारा माल ठेवू देऊ नये. ही सूचना आहे. ती लागू करायची की नाही हे राज्य व स्थानिक पातळीवर ठरते. म्हणून आपल्या प्रभाग कार्यालयात एकदा चौकशी करावी, आणि कोणी मध्यस्थ ‘सरकारी तंबाखू लायसन्स’ म्हणून पैसे मागू लागल्यास ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मिळते, हे आधी विचारावे.

वस्तू व सेवा कराबाबत मात्र किराणा दुकानदारांनी विशेष सावध राहावे. केवळ वस्तू विकणाऱ्यांना नोंदणीसाठी 40 लाख रुपयांची मर्यादा आहे, हे सर्वांना पाठ असते. पण 2019 च्या ज्या अधिसूचनेने ती दिली, तिनेच तंबाखू व पानमसाल्याचा पुरवठा करणाऱ्यांना त्या सवलतीतून वगळले आहे. त्यामुळे वर्षाला 28 लाखांची उलाढाल असलेल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर सिगारेटची चार पाकिटे विकायला ठेवलेली असली, तरी त्या दुकानाला 20 लाखांची मर्यादा लागू होते, आणि ती मोजताना केवळ सिगारेटची विक्री नव्हे, तर संपूर्ण उलाढाल धरली जाते.

अठरा वर्षांखालील ग्राहक

कोटपाच्या कलम 6 प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, आणि कलम 24 खाली त्याचा दंड 200 रुपयांपर्यंत आहे. एवढी रक्कम भरून सुटता येते असे समजून अनेक जण हा नियम हसण्यावारी नेतात. परंतु 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस कोणते कलम लावतात हे दुकानदाराच्या हातात नसते. ‘वडिलांनी पाठवले आहे’ असे सांगून दहा वर्षांचा मुलगा पाकीट मागत असेल, तर ओळखीच्या घरचा असला तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे. ग्राहक सज्ञान होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. शंका आल्यास वयाचा पुरावा मागावा.

हाच नियम गल्ल्याच्या आतल्या बाजूलाही लागू आहे. दुपारी जेवायला जाताना मालक शाळकरी मुलाला टपरीवर बसवून जातो, हे दृश्य गावोगाव दिसते. पण अठरा वर्षांखालील व्यक्तीने तंबाखूजन्य माल हाताळणे किंवा विकणे नियमबाह्य आहे. माल मुलांच्या सहज हाताला लागेल अशा रीतीने मांडलेला नसावा. ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे’ अशा आशयाचा, किमान 60 बाय 30 सेंटिमीटरचा मराठी फलक ठळक जागी लावावा.

शाळा-महाविद्यालयापासूनचे अंतर

शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या परिघात विक्रीला मनाई आहे. हे अंतर रस्त्याने चालत मोजायचे नसून, संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते. शाळेचे फाटक पुढच्या रस्त्यावर आणि दुकान मागच्या गल्लीत असेल, तर चालत दीडशे मीटर भरणारे अंतर मागच्या भिंतीपासून साठच मीटर निघू शकते. दुकान शाळेपेक्षा जुने असल्यास सूट मिळेल, असे या कलमात कुठेही लिहिलेले नाही. नवी जागा भाड्याने घेताना अनामत देण्यापूर्वीच हे मोजून घ्यावे.

जाहिरात आणि वेष्टन

कंपनीचा माणूस येऊन ब्रँडच्या रंगातला, आतून दिवे लागणारा बोर्ड फुकट बसवून देतो आणि वर दरमहा थोडे पैसेही देऊ करतो. तो स्वीकारू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. दुकानातील फलक 60 बाय 45 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसावा, त्यावर केवळ उपलब्ध पदार्थांचे प्रकार लिहावेत, ब्रँडचे नाव किंवा पाकिटाचे चित्र नसावे, वरच्या बाजूस आरोग्यविषयक इशारा असावा आणि फलक प्रकाशित नसावा. बेकायदा जाहिरातीला पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व 5000 रुपयांपर्यंत दंड आहे.

पाकिटाच्या मुख्य भागाच्या 85 टक्के जागेवर सचित्र इशारा असणे 1 एप्रिल 2016 पासून बंधनकारक आहे. स्वस्तात मिळणारी परदेशी सिगारेट बहुधा इथेच अडकते. इशारा नसलेला माल विकणाऱ्यास पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि माल जप्त होतो तो वेगळाच.

सुटी सिगारेट व विडी विकण्यास महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. टपरीचा अर्धा धंदा सुट्या सिगारेटवर चालतो हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही बंदी आहे ती आहे.

ज्या मालाला परवाना मिळूच शकत नाही

गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी यांवर राज्यात अन्नसुरक्षा कायद्याखाली 2012 पासून बंदीचे आदेश निघत आले आहेत. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षासाठी काढता येतो, म्हणून मुदत संपत आली की ‘यंदा बंदी उठली’ अशी अफवा पसरते. तिच्यावर विसंबून माल भरू नये. हातावर घोटून दिलेला मावा किंवा खर्रा घरगुती असला, तरी तो या बंदीतून सुटत नाही.

ई-सिगारेटवर 2019 च्या केंद्रीय कायद्याने संपूर्ण बंदी आहे. विक्रीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तर नुसत्या साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मित्राने ठेवायला दिली होती’ हा खुलासा येथे उपयोगी पडत नाही. हुक्का पार्लर चालवण्यास राज्याने 2018 च्या दुरुस्तीने मनाई केली असून, त्याची शिक्षा एक ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते एक लाख रुपये दंड अशी आहे.

तपासणी झाल्यास

उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचे पोलीस अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि शासनाने प्राधिकृत केलेले इतर अधिकारी तपासणी करू शकतात. ओळखपत्र पाहण्याची विनंती करावी, तपासणीत अडथळा आणू नये. कलम 6 चा भंग असेल तर प्राधिकृत अधिकारी 200 रुपयांपर्यंत तडजोड रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो; त्याची छापील पावती अवश्य घ्यावी. माल जप्त झाल्यास पंचनाम्यात पाकिटांची संख्या व ब्रँड बरोबर लिहिले आहेत का ते वाचूनच सही करावी, प्रत मागून घ्यावी आणि ती खरेदीच्या बिलांसह आमच्याकडे त्याच दिवशी आणावी.