वेधनवेगाचा पूर्वअंदाज : चेताजालाची पद्धत

तेलविहीर खोदताना बिट, म्हणजे खडक फोडणारे टोक, तासाला किती मीटर खाली उतरेल, किती वेळात झिजेल आणि विहीर ठरलेल्या खोलीवर केव्हा पोहोचेल, याचा अंदाज जुन्या विहिरींच्या नोंदींवरून शिकलेल्या चेताजालाकडून, म्हणजेच न्यूरल नेटवर्ककडून, मिळवण्याची पद्धत. तासागणिक वाढणाऱ्या खोलीला वेधनवेग म्हणतात आणि या विषयातले बरेचसे संशोधन त्या एकाच राशीभोवती फिरते. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागात तेलविहिरी नाहीत; मात्र बोअरच्या गाडीशेजारी उभे राहून एका रॉडला किती वेळ लागला हे मोजणारा शेतकरी येथे गावोगावी भेटतो, आणि त्याचा प्रश्न तेलक्षेत्रातल्या अभियंत्याच्या प्रश्नाहून मुळात वेगळा नसतो. म्हणून या नोंदीत जेथे उपयोगी पडेल तेथे इकडच्या खडकांचा दाखला घेतला आहे.

तेलविहिरीचे वेधन सहसा घूर्णी पद्धतीने होते. पोलादी नळ्यांच्या लांबच लांब माळेच्या टोकाला बिट बसवतात, त्यावर माळेचे काही टन वजन सोडतात आणि बिट फिरवतात. पोकळ नळ्यांमधून पंपाने सोडलेला मड, म्हणजे माती व रसायने मिसळलेला दाट द्रव, बिटाच्या तोट्यांतून बाहेर पडतो, दगडाचा चुरा उचलतो आणि माळ व विहिरीची भिंत यांमधल्या पोकळीतून वर येतो. खडकातल्या द्रवाचा दाब थोपवून धरण्याचे कामही त्याच्याकडेच असते. वेग ठरवणाऱ्या गोष्टींपैकी वजन, फेरे, मडचा प्रवाह व घनता आणि बिटाचा प्रकार या माणसाच्या हातातल्या, तर खडकाची ताकद, त्याच्या रंध्रांतला दाब आणि खोली या हाताबाहेरच्या. समुद्रातल्या मोठ्या रिगचे, म्हणजे वेधनाच्या यंत्रमंचाचे, भाडे दिवसाला लाखो डॉलरच्या घरात जाते, आणि तीन हजार मीटरवर झिजलेले बिट बदलायचे तर सगळी माळ वर काढून पुन्हा सोडण्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. तेवढ्या वेळात विहीर इंचभरही वाढत नाही. बिट आणखी दोनशे मीटर रेटावे की आताच वर काढावे, हा निर्णय त्यामुळे पैशाचा असतो.

चेताजालांच्या आधी सूत्रे होती. मॉरर यांनी १९६२ मध्ये, चुरा तळाशी मुळीच साचत नाही असे गृहीत धरून, वेधनवेग वजनाच्या वर्गाच्या आणि फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो असे मांडले. टील यांनी १९६५ मध्ये एक घन एकक खडक फोडण्यास लागणारी ऊर्जा, म्हणजे विशिष्ट ऊर्जा, हे मोजमाप दिले. ते आजही रिगवर वापरात आहे. बर्गोइन व यंग यांच्या १९७४ च्या सूत्रात खडकाची ताकद, खोलीबरोबर वाढणारा घट्टपणा, रंध्रदाब, मड व खडक यांच्या दाबांतला फरक, बिटाच्या व्यासाच्या मानाने वजन, फेरे, दातांची झीज आणि द्रवाचा मारा असे आठ घटक एकत्र आले. सूत्राचे लॉगरिदम घेतले की ते सरळ बेरजेचे होते आणि त्या त्या भागातल्या नोंदींवरून आठ सहगुणक काढता येतात. अडचण अशी की नोंदी तोकड्या असल्या तर एखादा सहगुणक ऋण निघतो, आणि मग फेरे वाढवले की वेग कमी होतो असे सूत्र बिनदिक्कत सांगू लागते.

चेताजालात असे सूत्र आधी लिहावे लागत नाही. मॅककलक व पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशीचे गणिती प्रारूप मांडले, रोझेनब्लाट यांचा परसेप्ट्रॉन १९५८ चा, आणि चूक उलट दिशेने वाटत नेऊन जोडण्यांचे भार (प्रत्येक राशीला किती महत्त्व द्यायचे ते ठरवणारे आकडे) सुधारण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर सर्वत्र रूढ झाली. वेधनवेगासाठी तिचा वापर १९९० च्या दशकात सुरू झाला. बिल्गेसू व सहकाऱ्यांचा १९९७ चा शोधनिबंध हा या वाटेवरचा एक आरंभीचा टप्पा होय. रचना साधी असते. पहिल्या थरात वजन, फेरे, प्रवाह, घनता, खोली यांसारख्या राशी एकाच मापपट्टीवर आणून भरतात. मधल्या थरातला प्रत्येक घटक त्यांची भारित बेरीज घेऊन ती एका वक्र फलनातून पुढे सोडतो. शेवटी एकच आकडा बाहेर पडतो, तो वेधनवेग. हा आकडा व प्रत्यक्ष वेग यांतला फरक पाहून भार किंचित बदलतात, आणि हे हजारो वेळा करतात. पुरेसे घटक असलेला एकच मधला थर कोणतेही सलग फलन हवे तितके जवळून रेखाटू शकतो, हे सायबेन्को यांनी १९८९ मध्ये सिद्ध केले. मात्र त्या सिद्धतेत नोंदी कोठून आणायच्या याचे उत्तर नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातली खरी मेहनत तेथेच आहे.

पहिली फसगत परीक्षेच्या पद्धतीत असते. रिगवरच्या नोंदी अगदी थोड्या थोड्या खोलीअंतराने साठवल्या जातात, त्यामुळे शेजारच्या दोन ओळी जवळपास जुळ्या असतात. एकाच विहिरीच्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून त्यांतल्या काही शिकवण्यासाठी व उरलेल्या परीक्षेसाठी ठेवल्या, तर परीक्षेतल्या प्रत्येक ओळीची सख्खी बहीण जालाने आधीच पाहिलेली असते. निकाल डोळे दिपवणारा येतो आणि पुढच्या विहिरीवर जाल तोंडघशी पडते. यावर उपाय म्हणजे एक संपूर्ण विहीर बाजूला ठेवणे आणि तिच्यावरच परीक्षा घेणे.

दुसरी फसगत भरलेल्या राशींत असते. टॉर्क, म्हणजे माळ फिरवायला लागणारा पिळाचा जोर, आणि पंपाचा दाब हे आपण ठरवत नाही. बिट दगडात शिरल्यावर ते उमटतात, म्हणून उद्याच्या वेगाचा अंदाज करताना ते हाती नसतात. विशिष्ट ऊर्जेचे तर विचारूच नये: तिच्या सूत्रात छेदस्थानी खुद्द वेधनवेगच बसलेला आहे, त्यामुळे ती आत भरली की जालाला उत्तरपत्रिकाच दिल्यासारखे होते. याशिवाय जमिनीवर मोजलेले वजन तळाच्या बिटावर जसेच्या तसे पोहोचत नाही. तिरप्या विहिरीत माळ भिंतीला घासते आणि काही टन वाटेतच जिरतात.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. वजन एका मर्यादेपलीकडे वाढवले की चुरा वेळेवर निघत नाही, शेल या मऊ, मातकट खडकात तो बिटाला लगदा होऊन चिकटतो आणि वेग उलट घसरतो. अनुभवी ड्रिलर त्या मर्यादेच्या अलीकडेच थांबतो, म्हणून नोंदींत ती घसरण क्वचितच दिसते. अशा जालाला सर्वाधिक वेग देणारे वजन शोधायला सांगितले, तर ते नोंदींच्या काठाबाहेर जाऊन बेधडक आकडा सांगते. जाणत्याने जपून केलेल्या कामातून शिकलेले जाल धोका कोठे आहे हे शिकलेलेच नसते.

खडक बदलला की काय होते, हे सीमाभागात नकाशा न पाहताही कळते. निपाणी, चिकोडी, अथणीकडे दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे लागतात. बेळगाव शहराच्या आसपास वर जांभा आहे. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून कोसळते तो कलादगी गटाचा कठीण क्वार्टझाइटी वालुकाश्म. बैलहोंगलच्या बाजूला त्याहून जुने धारवाडी खडक. निपाणीच्या कातळावर हात बसलेला गाडीवाला गोकाकच्या दगडावर वेळेचा अंदाज चुकतो, कारण क्वार्ट्‌झ बिटाची बटणे वेगळ्याच गतीने खातो. बेसाल्टवर शिकलेल्या जालाचे तेथे याहून बरे होणार नाही. फरक इतकाच की गाडीवाला चुऱ्याचा रंग पाहून सावध होतो. खोलवरची गोष्ट कोयना परिसरात दिसली. भूकंपांच्या अभ्यासासाठी तेथे घेतलेल्या सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक छिद्रात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट व नाइस खडक लागले.

तेलविहिरीचे जाल बोअरच्या गाडीवर मात्र जसेच्या तसे चालणार नाही. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या गाड्या ज्या पद्धतीने साडेसहा इंची बोअर मारतात तिच्यात तळाशी हवेच्या दाबाने चालणारा हॅमर दगडावर ठोके देतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. येथे माळेच्या वजनापेक्षा कॉम्प्रेसरचा दाब व हवेचे प्रमाण निर्णायक ठरते. पाणी लागले की हवेला वरच्या पाण्याचा स्तंभही उचलावा लागतो आणि ठोका मंदावतो. पहिल्या थरातल्या राशीच बदलतात, म्हणून जाल नव्याने शिकवावे लागते.

वेगाशिवाय माळ अडकण्याची शक्यता, मड खडकात निसटणे आणि वायूचा अचानक उसळणारा लोंढा ओळखण्यासाठीही अशी जाले वापरतात. क्रमाने येणाऱ्या नोंदींसाठी होक्राइटर व श्मिडह्युबर यांची १९९७ ची एलएसटीएम, म्हणजे मागच्या नोंदी लक्षात ठेवणारी, रचना सोयीची पडते. अलीकडे जुने सूत्र पायाशी ठेवून उरलेली चूक तेवढी जालाकडून शिकवून घेण्याकडे कल आहे; नोंदी थोड्या असतील तेथे हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. अभ्यासकांना मोठा आधार मिळाला तो उत्तर समुद्रातल्या व्होल्व्ह तेलक्षेत्राच्या नोंदींचा: २०१६ मध्ये उत्पादन थांबल्यावर इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये त्या खुल्या केल्या. बोअरच्या धंद्यात पैसे फुटावर मोजले जातात, तासावर नाही, आणि खोली वाढली की फुटाचा दर चढतो. साहजिकच गाडीवाल्याच्या वहीत एकूण फूट, केसिंगची लांबी आणि ‘दोन इंच पाणी’ एवढे उतरते. कोणत्या रॉडला किती मिनिटे लागली आणि तेव्हा चुरा काळा होता की तांबडा, हे जालाला लागणारे दोन रकाने तिच्यात सहसा नसतात.