बैलाचं दूध

"बैल गाभण" म्हटलं की होयबा माणूस लगेच "नववा महिना" म्हणतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझी नोकरी त्याच्याही पुढची होती. मी तीसेक वर्षं बैलाचं दूध मोजलं, तेही विद्यापीठात बसून, पगार घेऊन.

प्रश्न मात्र खरा आहे. गाय आयुष्यात मोजकीच वासरं देते. कृत्रिम रेतनासाठी निवडलेल्या वळूच्या रेतमात्रा लाखांच्या घरात जातात. टॉयस्टोरी नावाच्या एका अमेरिकी होल्स्टिन वळूच्या चोवीस लाखांवर मात्रा विकल्या गेल्या. म्हणजे कळपाचं पुढचं नशीब वळूच्या निवडीवर ठरतं, आणि तोच गडी थेंबभर दूध देत नाही. त्याच्या अंगात दुधाचे गुण किती, हे कळणार कसं? त्याच्या मुलींवरून. इथपर्यंत कोणीही येतो. खरी पंचाईत पुढे आहे.

गोव्यातल्या सावईवेऱ्याला माझ्या वहिनीच्या गोठ्यात गंगी नावाची संकरित गाय आहे. भरात असताना ती दिवसाला चौदा लिटर देते. शेजारच्या गोठ्यातली गाय त्याच वळूची, म्हणजे बापाकडून गंगीची सावत्र बहीण. ती नऊवर अडते. वहिनीचं मत ठरलेलं: "वन्सं, आमची गंगी जातिवंत." शेजारणीचं मत, वहिनी सरकी पेंड जास्त घालते. खरं तर वहिनी पेंड घालतेच, शिवाय कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पाटाकडेचं हिरवं गवत पहाटे कापून आणते आणि धार काढताना गायीशी सासूपेक्षा मऊ बोलते. या पाच लिटरांत रक्त किती आणि वहिनी किती? माझ्या विषयाचा, म्हणजे पशु आनुवंशिकीचा, सगळा पसारा या एका वाक्यात मावतो.

रक्ताचा वाटा मोजायला एक आकडा वापरतात, आनुवंशिकता. दुधाच्या बाबतीत ती ढोबळमानाने पाव धरतात: गायी-गायींमध्ये दुधाचा जो चढउतार दिसतो, त्यातला चौथा हिस्सा आईबापांकडून आलेल्या आणि पुढे पोचवता येणाऱ्या गुणांचा. बाकी चारा, हवा, आजारपण, धार काढणारा हात आणि नुसतं नशीब. गाय वेळेवर गाभण राहण्याच्या गुणाची आनुवंशिकता तर पाच टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणून दुधासाठी निवड झपाट्याने फळली, आणि ती फळत असताना गाभण राहण्याचं प्रमाण मागे हटत गेलं तेही उशिराच लक्षात आलं.

आता दोन वळू घ्या. पहिल्याच्या चार मुलींचं दूध मोजलंय. आपापल्या गोठ्यातल्या, त्याच हंगामात व्यालेल्या इतर गायींपेक्षा त्या एका वेतात सरासरी २०० लिटर जास्त देतात. दुसऱ्याच्या साठ मुली मोजल्यात, त्या सरासरी १२० लिटरने पुढे आहेत. कोणता वळू घ्याल? बाजारात विचारलंत तर पहिला. हिशेब वेगळं सांगतो. आनुवंशिकता पाव असेल तर मुलींच्या संख्येला तीच संख्या अधिक पंधराने भागायचं आणि त्या अपूर्णांकाने सरासरीला गुणायचं. पहिल्याचे चार भागिले एकोणीस, म्हणजे २०० मधले जेमतेम ४२ लिटर विश्वासाचे. दुसऱ्याचे साठ भागिले पंचाहत्तर, म्हणजे १२० मधले ९६. पुढे जन्मणाऱ्या मुलींकडून आशा धरायची ती एवढीच. दुसरा वळू दुपटीहून सरस निघाला. थोडक्या पुराव्यावर मोठा आकडा दिसला की तो सरासरीकडे खेचून घ्यायचा, ही या शास्त्राची पहिली सवय. लग्नाच्या बाजारात कोणी ती लावत नाही हा भाग वेगळा.

पण खऱ्या कळपात गोष्टी इतक्या सुट्या नसतात. चांगला वळू ऐपतदार गोठ्यांतच जास्त वापरला जातो. त्याला गायीही निवडक मिळतात. दहा वर्षांपूर्वीच्या मुलींची तुलना आजच्यांशी करायची, तर मधल्या काळात सगळा कळपच सुधारलेला. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी घट्ट होते. गोठा, हंगाम, वय आणि रक्त या सगळ्यांना एकाच वेळी सोडवणारी समीकरणं मांडली ती आयोवातल्या शेतावर वाढलेल्या चार्ल्स हेंडरसन यांनी, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, १९५० च्या सुमारास. गंमत अशी की त्यांनी तेव्हा दिलेला तर्क पुढे चुकीचा ठरला, समीकरणं मात्र बरोबर निघाली. सिद्धतेची बाजू न्यूझीलंडचे शेल सर्ल यांच्यासारख्या गणितींच्या साथीने नंतर पक्की झाली. शेतकऱ्याच्या पोराला उत्तर आधी दिसलं, कारण मागाहून सापडलं. मला या माणसाबद्दल जरा पक्षपात आहे, तो असू दे.

अडचण एकच उरली, आणि ती डोंगराएवढी होती. या समीकरणांना प्रत्येक जनावराचं प्रत्येकाशी असलेलं नातं आकड्यात लागतं: आई-वासरू अर्धं, सावत्र बहिणी पाव. दहा लाख जनावरं असतील तर नात्यांच्या तक्त्यात एक लाख कोटी घरं. वर त्या तक्त्याचा व्यस्त काढायचा (आकड्याचा एक-भागिले करतात, तसा अख्ख्या तक्त्याचा), जे तेव्हाच्या संगणकांच्या बापालाही जमणारं नव्हतं. १९७६ मध्ये हेंडरसननी दाखवलं की मूळ तक्ता मांडायचीच गरज नाही. वंशावळीची वही वरून खाली वाचत जा. प्रत्येक जनावरामागे नऊच घरांत भर घाला: त्याच्या स्वतःच्या घरात २, ते आणि त्याचे आईबाप जिथे भेटतात त्या चार घरांत वजा १, आणि आईबापांच्या आपसांतल्या चार घरांत अर्धा. (आईबाप दोन्ही ठाऊक असतील आणि स्वतः जवळच्या नात्यातून जन्मलेले नसतील, तर.) वही संपली की व्यस्त तयार. मी हे पहिल्यांदा कागदावर सहा जनावरांसाठी करून पाहिलं आणि ताळा जमला, तेव्हा होस्टेलच्या खोलीत एकटीच हसत बसले होते.

मुलं विचारतात, या विषयात करिअर कसं असतं. वाट साधारण दोन बाजूंनी येते. एक पशुवैद्यकाची पदवी घेऊन, पुढे पशु आनुवंशिकी आणि प्रजननात पदव्युत्तर. मग कर्नाल, इज्जतनगर इथल्या संशोधन संस्था, अशी स्टेशनं लागतात. दुसरी माझ्यासारखी, संख्याशास्त्रातून आलेली, जिला कालवड आणि पाडा यांतला फरक नोकरीत शिकावा लागतो. ही नोकरी म्हणजे दिवसभर सूत्रं, असं वाटत असेल तर निराशा होईल. निम्म्याहून अधिक वेळ नोंदी निवडण्यात जातो, तांदूळ निवडतात तसा. एकदा एका ठिकाणाहून हजारो नोंदी आल्या. दुधाचे सगळे आकडे शून्यावर किंवा पाचावर संपणारे, आणि वासरं जन्मलेली महिन्याच्या एक किंवा पंधरा तारखेला. आपल्या मागच्या पिढीचा वाढदिवस शाळेतल्या मास्तरांनी एक जूनला लावून टाकला होता, ती रीत गोठ्यापर्यंत पोचली होती. सहा महिने मी त्या नोंदींशी भांडले आणि शेवटी त्या बाजूला ठेवल्या. निबंध निघाला नाही. अशी वर्षं प्रत्येकाच्या खाती असतात.

आकडेमोड आणि आनुवंशिकी यांच्या सांध्यावर एक गोंयकार आमच्या आधीच जाऊन बसलेला आहे, हे मला कर्नाटकातल्या एका प्रशिक्षण वर्गात कळलं. जनुकांचा नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने विचारलं: हाल्डेन की कोसंबी? कोसंबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, इतिहासकार म्हणून गाजलेले, पण मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी चार पानांचा एक निबंध लिहिला.

एकाच गुणसूत्रावर दोन जनुकं आहेत. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात, त्यामुळे ती जनुकं कधी वेगळी होतात. अंतर जास्त तितकी ताटातूट जास्त. पण मधल्या मधे दोनदा अदलाबदल झाली तर पुन्हा जैसे थे, मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही. शंभरात तीस वेळा ताटातूट दिसली, तर खरं अंतर तिसाहून जास्त असणार. किती जास्त? ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ हाल्डेननी १९१९ मध्ये धरलं की अदलाबदली एकमेकींची फिकीर न करता होतात, पावसाच्या थेंबांसारख्या. त्यांच्या सूत्राने अंतर ४६ येतं. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की ती जवळपास दुसरी सहसा होऊ देत नाही. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला, त्यांच्या सूत्राने ३५. आजही गव्हापासून गायीपर्यंत नकाशे काढणारे त्या यादीत बोट ठेवून कोसंबी निवडतात. त्यातल्या किती जणांना हे आडनाव कुठलं ते ठाऊक असेल, देव जाणे.

जनुकांच्या खुणा हजारोंनी वाचून त्यावरूनच वळूची किंमत काढता येईल, हे २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड यांनी मांडलं, तेव्हा तशा खुणा स्वस्तात वाचणारी चिपही नव्हती. २००९ पासून अमेरिकेत होल्स्टिनचं अधिकृत मूल्यमापन असं होऊ लागलं. पूर्वी वळूच्या मुली मोठ्या होऊन, व्यायल्यावर त्यांचं दूध मोजेपर्यंत पाच-सहा वर्षं जात. आता वासराच्या कानाचा कणभर तुकडा पुरतो. आपल्याकडची गौ चिप २०२४ च्या ऑक्टोबरात वाशिमला जाहीर झाली.

या खुणांनी एक जुनं पापही उघडं केलं. चीफ नावाचा होल्स्टिन वळू १९६२ चा. त्याच्या सोळा हजार मुली आणि पाच लाख नाती. दूध भरघोस वाढलं. २०११ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना आकड्यांत एक भोक दिसलं: गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा आई आणि बाप दोघांकडून मिळालेलं जनावर कुठेच जिवंत नव्हतं. हिशेबाने कित्येक असायला हवी होती, एकही नाही. ती पोटातच मरत होती. मूळ चीफकडे गेलं. त्या दोषामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा अंदाज आहे. पन्नास वर्षं कोणाला संशय आला नाही, कारण गाभ टाकण्याची प्रत्येक गोठ्याकडे स्वतःची कारणं होती.

गोव्यात होल्स्टिनएवढा पसारा नाही, पण हाच धोका उलट्या टोकाने आहे. आपली श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणीकृत देशी जात. मुसकटापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, पण पावसात आणि रानात टिकणारी. जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केलं आहे. अशी जात जपायची तर गायी मोजून भागत नाही. समजा, कळपात पाचशे गायी आणि दोनच वळू आहेत. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांचं सूत्र लावा: चार गुणिले दोन गुणिले पाचशे, भागिले पाचशे दोन. उत्तर आठ. दाव्याला पाचशे गायी, आणि अनुवंशाच्या दृष्टीने कळप आठ जनावरांचा. दर पिढीला सहा टक्क्यांहून जास्त आंतरप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास. वळू दोनाचे दहा केले तर तोच आकडा जवळपास चाळीसवर जातो. गायी एकही न वाढवता. वळू पोसणं मात्र कोणाला परवडत नाही, आणि त्यासाठी सूत्र नाही.

गोव्याची खरी अडचण गोठ्याची आहे. एका दावणीला एक-दोन गायी, तर तुलना करायची कोणाशी? मग गावभरच्या, एकाच महिन्यात व्यालेल्या गायींचा गट करावा लागतो, आणि त्यासाठी तारखा लागतात. मागल्या खेपेला मी वहिनीकडे वही घेऊन बसले. गंगीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, तो लिहून घेतला.

"बाप कोण?"

"डॉक्टरांनी कांडी घातली. कांडीला नंबर कोण विचारतो?"

"व्याली कधी?"

"चवथीच्या आदल्या दिवशी. मी गणपतीवरची माटोळी बांधत होते आणि ही ओरडायला लागली."

"कुठली चवथ?"

"तुझ्या भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीची."

म्हणजे २०२४, सप्टेंबरची ६ तारीख. नेमकी, एक जूनसारखी लावलेली नव्हे. मग दादाने कपाटामागून जुनी कॅलेंडरं काढली, चार वर्षांची, सुतळीने बांधलेली. प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाने सकाळ-संध्याकाळचं दूध: ७ + ५॥, ७ + ६, ज्या दिवशी डॉक्टर आले तिथे फुली. मी ती उचलून पिशवीत घालायला लागले.

"ने," वहिनी म्हणाली, "पण आठवड्यात परत आण. गॅस कधी लावला तेही त्यावरच आहे."