आवाजाला पायऱ्या नसतात

घरच्या घरी गाणं किंवा निवेदन रेकॉर्ड करायचं ठरवून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, शोधायला लागलं, की एक चित्र हमखास समोर येतं. एक वळणदार लाट आणि तिच्यावर चढवलेला ओबडधोबड जिना. शेजारी तीच लाट, पण पायऱ्या बारीक. पहिल्या चित्राखाली लिहिलेलं असतं ४४.१ किलोहर्ट्झ, दुसऱ्याखाली १९२. बघणाऱ्याची समजूत होते, की पायऱ्या जितक्या बारीक तितका आवाज अस्सल, तेव्हा घ्यायचा तर १९२ वालाच.

हे चित्र साफ चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे समजून घेण्यात मोठी मौज आहे.

माइक हवेच्या दाबातले चढउतार विजेच्या दाबात बदलतो. हा सिग्नल फारच क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. इंटरफेसमधला प्रीॲम्प तो वाढवतो आणि मग कन्व्हर्टर नावाची चिप तो ठरावीक अंतराने मोजून आकडे संगणकाकडे धाडते. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मोजमापं, म्हणजेच सॅम्पल. आता साहजिक शंका अशी, की दोन सॅम्पलच्या मधल्या क्षणी आवाजाने जे केलं ते तर हरवलंच ना?

नाही हरवलं. अभियंता हॅरी नायक्विस्ट तारयंत्राच्या संदेशांवर काम करत असताना १९२८ मध्ये या उत्तराच्या जवळ पोचला होता. १९३३ मध्ये रशियात कोटेलनिकोव्हने आणि १९४९ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅननने ते नेमकेपणाने मांडलं. सिग्नलमधली सगळ्यात मोठी वारंवारता (सेकंदाला होणारी थरथर, हर्ट्झमध्ये) जितकी, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने मोजमापं घेतली, तर त्या मोजमापांतून मूळ सिग्नल पूर्णपणे परत मिळतो. ‘जवळपास’ नाही, पूर्णपणे.

शाळेतली भूमिती आठवा. दोन बिंदूंमधून वेड्यावाकड्या रेघा हव्या तितक्या काढता येतील. पण ‘रेघ सरळच हवी’ अशी अट घातली की एकच रेघ उरते आणि मधला प्रत्येक बिंदू आपोआप पक्का होतो, न मोजताही. आवाजाचंही तसंच आहे. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येत जाते. ‘२० किलोहर्ट्झपेक्षा जलद थरथर नाही’ अशी अट घातली, की सगळ्या सॅम्पलमधून जाणारी लाट एकच उरते. दोन सॅम्पलच्या मधे लाटेने गुपचूप वेगळं वळण घ्यायचं म्हटलं, तर तिला परवानगीपेक्षा जलद हलावं लागेल, आणि तेवढी जलद हालचाल आपण आधीच गाळून टाकलेली असते.

लाट परत उभी करण्याची रीत तर फारच देखणी आहे. प्रत्येक सॅम्पलच्या जागी एक ठरलेल्या आकाराची लहर ठेवायची, मधे उंच शिखर आणि दोन्ही बाजूंना विरत जाणारे तरंग. गणितात तिला सिंक फलन म्हणतात. स्वतःच्या क्षणी तिची उंची त्या सॅम्पलइतकी असते आणि बाकीच्या प्रत्येक सॅम्पलच्या क्षणी ती बरोबर शून्यातून जाते. म्हणून कोणतीही लहर दुसरीच्या मोजमापात लुडबुड करत नाही. अशा सगळ्या लहरींची बेरीज केली की मूळ लाट मिळते. यात पायरी कुठेच नाही. इंटरफेसमधून बाहेर पडणारा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहिला, तर गुळगुळीत लाटच दिसते.

अट पाळली नाही तर मात्र भुतं दिसतात. ४८ किलोहर्ट्झने मोजताना ३० किलोहर्ट्झचा सूर आत शिरला, तर तो १८ किलोहर्ट्झचा होऊन बसतो. चित्रपटात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, त्याच जातीचा हा भास. म्हणून मोजण्याआधी गाळणी लावतात, आणि ती एका झटक्यात कापत नाही, उतरायला थोडी जागा लागते. त्यामुळे ४० पुरत नाही, ४४.१ लागतं. हा विचित्र आकडा मात्र व्हिडिओ रेकॉर्डरमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, चित्राच्या प्रत्येक रेघेवर ३ सॅम्पल. ३ × २४५ रेघा × सेकंदाला ६० क्षेत्रं (फील्ड, म्हणजे व्हिडिओ चित्राचे अर्धे भाग) = ४४,१००. व्हिडिओच्या दुसऱ्या पद्धतीत ३ × २९४ × ५० = ४४,१००. १९८२ मध्ये सीडी आली ती हाच आकडा घेऊन.

बिटचा आकडा, म्हणजे प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने मोजायचं तो, मात्र कामाचा आहे. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातल्या अंतराला प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १६ बिटला ९६. चोवीसला कागदावर १४४ होतात. प्रत्यक्षात विद्युत मंडलातल्याच खुळखुळाटामुळे चांगले कन्व्हर्टर ११० ते १२० च्या आसपास थांबतात. तेवढंही भरपूर आहे. म्हणून २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला, म्हणजे मीटरवरच्या कमाल पातळीला, धडकून कापला गेलेला आवाज मूळ रूपात परत येत नाही.

इंटरफेस घेताना पाहायचं ते वेगळंच. वीज लागणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या तारेतूनच दिलेली वीज), क्षीण सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माइकसाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद), गिटार थेट जोडायची तर त्यासाठीचं वेगळं इनपुट, विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा जलद करणारं सॉफ्टवेअर) आणि डायरेक्ट मॉनिटरिंगचं, म्हणजे माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं, बटण. हे बटण नसेल तर स्वतःचा आवाज संगणकातून फिरून उशिरा कानावर येतो. २५६ सॅम्पलच्या बफरला (संगणक एका वेळी हाताळतो त्या गठ्ठ्याला) ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेने ५.३ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन दहाच्या वर, आणि गाणारा अडखळू शकतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलने आवाज ‘उबदार’ होतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. केबलमधून आकडे जातात, आणि आकड्यांना ऊब नसते.

सॉफ्टवेअरवर तर फार वेळ घालवायलाच नको. ऑडॅसिटी फुकट आहे, मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं. अमुक सॉफ्टवेअरचा आवाजच गोड, असं ठासून सांगितलं जातं, पण इफेक्ट न लावता ट्रॅक एकत्र करणं ही निव्वळ बेरीज आहे. ती सगळीकडे सारखीच येते.

ऐकू येणारं काहीच हरवत नाही, हे पडताळायची सोय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. इंटरफेसला जमत असेल तर ९६ किलोहर्ट्झवर काहीही रेकॉर्ड करा. त्याची एक प्रत चांगल्या प्रतीच्या सेटिंगवर ४८ ला उतरवा आणि पुन्हा ९६ ला चढवा. दोन्ही ट्रॅक एकाखाली एक तंतोतंत जुळवून ठेवा, एकाची फेज उलटी करा, म्हणजे लाट वरची खाली करा, आणि एकत्र वाजवा. सारखं असलेलं सगळं एकमेकांना पुसून टाकेल. स्पीकर गप्प राहतील, आणि स्पेक्ट्रमच्या आलेखावर २२–२४ किलोहर्ट्झच्या पलीकडे तेवढा एक बारीक अवशेष उरलेला दिसेल.